भिंतीकडची जागा

त्या वाटेवर मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर तिथल्या घरांचा. पायाला फोड आले, त्याचा नाही. चढाचाही नाही. स्पेनमधल्या त्या डोंगरात दोन-तीन तास जंगलातून वर चढत गेलं की अचानक एखादं गाव लागायचं, आणि सगळं गाव दगडाचं. दगडी भिंती, वर दगडाच्याच पातळ फरश्यांचं छप्पर, पुढे लाकडी सज्जा, सज्ज्यात लाल फुलांच्या कुंड्या. माझी लेक प्रत्येक घरापाशी थांबून फोटो काढायची.

"आई, आठशे वर्षं जुनं आहे हे गाव," ती म्हणायची.

"मग काय करू? ओवाळू का त्याला?"

ती पुढचा फोटो काढायची. बिचारीनं हौसेनं बोलावलं होतं. ती तिकडे नोकरीला आहे, मी नांदेडला शाळेत गणित शिकवते, आणि दोन वर्षांत आमची भेट नव्हती. येशूच्या एका शिष्याच्या थडग्यापर्यंत जाणारी ही जुनी वाट, शेकडो वर्षं लोक पायी जातात, आपण शेवटचे पंधरा दिवस चालू, असं तिनं ठरवलं. आम्ही ख्रिस्ती नाही. पण तिकडे कुणी विचारतही नाही. एक पुस्तिका देतात, मुक्कामाला शिक्का मारतात, पाठपिशवीला एक शिंपला बांधायचा आणि चालू लागायचं.

माझ्या पिशवीत कपडे दोन जोड, औषधं, शेंगदाण्याची चटणी आणि एक दगड होता. त्या दगडासाठीच मी गेले होते. नाहीतर डावा पाय दोन बोटं आखूड असलेल्या बाईनं डोंगर चढायला कशाला जावं.

मी लातूर जिल्ह्यातल्या, भूकंपात गेलेल्या एका गावची. आमचं घरही दगडाचंच होतं. दोन खोल्या, काळ्या दगडाच्या हातभर जाडीच्या भिंती, मातीत रचलेल्या. तिकडच्या भिंती बघितल्या, त्याही कित्येक जागी मातीतच रचलेल्या. त्यांच्या उभ्या, आमच्या एका मिनिटात भुईसपाट. तिकडे लोक लांबून येतात आणि भिंतीला हात लावून किती सुंदर म्हणतात. आमच्याकडेही लोक लांबून आले होते, पण ते ढिगारे बघायला. हा कुठला न्याय म्हणायचा?

माझी धाकटी बहीण त्यात गेली. ती नऊ वर्षांची, मी चौदाची. ती भिंतीकडेला निजली होती. भिंत तिच्या अंगावर आली आणि वरचं मातीचं छत, माळवद, दोघींवर. मी कमरेपासून वर मोकळी होते म्हणून मला लवकर काढलं, पाय मोडला होता. तिला काढायला दुपार झाली. आई ओसरीत होती, ती वाचली. पण नंतर मरेपर्यंत पक्क्या छताखाली निजली नाही. वडील, म्हणजे अण्णा, शेतात जागलीला गेले होते म्हणून वाचले.

अण्णा आता लातूरला दोन खोल्यांत एकटेच राहतात. शेजारच्या बाई डबा देतात. दोन्ही खोल्यांवर स्लॅब आहे, पण त्यांनी दारापुढे पत्र्याचं शेड मारलंय आणि बारा महिने तिथंच खाट टाकून निजतात. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, अण्णांना विटेचाही भरवसा नाही.

निघायच्या महिनाभर आधी मी त्यांच्याकडे गेले होते. लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती आजोबांना वाटेबद्दल सांगत होती. म्हणाली, "डोंगराच्या माथ्यावर एक उंच लाकडी खांब आहे, त्याच्या टोकाला लोखंडी क्रूस. लोक आपापल्या घरून एक दगड आणतात आणि त्याच्या पायाशी ठेवतात. मनावरचं ओझं ठेवल्यासारखं."

अण्णांनी विचारलं, "कुणाचा बी दगड चालतो?"

"चालतो ना आजोबा."

"आपल्या देवाचा नसला तरी?"

"देवाचं काही नाही त्यात. कुणाचाही."

ते "बरं" म्हणाले आणि आत गेले. लोखंडी ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी. मुठीपेक्षा मोठा, नारळापेक्षा लहान, काळा दगड. एका अंगाला अजून मातीचा गिलावा चिकटलेला.

"तिच्या उशापासला हाय," ते म्हणाले. "तिथं ठेवून ये. लई लांब हाय न्हवं?"

"हो."

"मंग ठेव तिथंच."

बत्तीस वर्षं त्या माणसानं तो ट्रंकेत ठेवला आणि मला कधी सांगितलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "एवढं होतं तर तेव्हा माती कशाला लादली?" ते खाटेवर बसले आणि फडक्याची घडी घालत राहिले.

हे मी त्यांना पहिल्यांदाच बोलत नव्हते. आता हे समजायचं तर माळवद समजलं पाहिजे. आमच्याकडचं जुनं छत म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या, पाला, आणि वर मातीचा जाड थर. दरवर्षी मिरगाच्या आधी वर नवीन पांढरी माती टाकायची आणि धुमसानं ठोकायची, म्हणजे गळत नाही. जुनी खरवडून मग नवी टाकावी, असं सगळ्यांना माहीत. पण खरवडायला दोन दिवस जातात आणि टाकायला एक. म्हणून लोक नुसती टाकतात. बापानं टाकली, आज्यानं टाकली, थरावर थर. गुडघाभर माती प्रत्येकाच्या डोक्यावर, आणि खाली मातीत रचलेले दगड. नंतर आलेल्या इंजिनिअरनं सांगितलं, भूकंप होता तेवढा होता, माणसं मारली ती ह्या ओझ्यानं.

तो सांगत होता तेव्हा मी पत्र्याच्या शेडमध्ये पायाला प्लॅस्टर घालून बसले होते. भोवती गावातली माणसं होती, आई होती, अण्णा होते. मी मोठ्यानं म्हणाले, "आमच्या अण्णांनी लादली माती. म्हणून ती मेली." अण्णांनी मान खाली घातली. नंतर मामाकडे म्हणाले, सासरी म्हणाले, नवऱ्याला तर लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून टाकलं. दिवाळीला माहेरी गेले की दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी कशावरून तरी विषय तिथंच यायचा. त्यांनी एकदाही तोंड उघडलं नाही. त्याचाही मला राग यायचा. माणूस गप्प बसतो म्हणजे काय, दोष कबूलच करतो ना.

तर तो दगड पाठीवर घेऊन मी निघाले. हैदराबादच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं पिशवी उघडायला लावली.

"ये क्या है?"

"पत्थर."

"किसलिए?"

"चर्च के काम का है," मी म्हणाले. त्यानं एकदा दगडाकडे, एकदा माझ्या मंगळसूत्राकडे बघितलं आणि दगड सामानात टाकायला लावला.

तिसऱ्या दिवशीचा मुक्काम एका जुन्या मठात होता. भिंती अशा जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस निजावा. लोखंडी खाटा, एकावर एक, रांगेनं मांडलेल्या. मला दिलेली खाट नेमकी भिंतीची. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"मी बाहेर झोपेन," मी लेकीला म्हणाले.

"आई, बाहेर झोपू देत नाहीत. नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात."

मठ सांभाळणारी बाई आली. लेक तिला तिच्या भाषेत समजावत होती आणि ती बाई मान हलवत होती. मग तिनं भिंतीवर दोनदा थाप मारली. लेकीनं सांगितलं, "त्या म्हणताहेत, ही भिंत तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगणार आहे, घाबरू नका."

"तिला म्हणावं, आमची भिंतसुद्धा असंच म्हणायची."

लेकीनं ते सांगितलं नाही, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. शेवटी मठाच्या मागे जळणाची लाकडं रचायची जागा सापडली. वर पत्रा होता. पत्रा बघितला आणि माझ्या जीवात जीव आला. लेक रागानं फणफणत आत गेली, थोड्या वेळानं आपली चादर घेऊन तीही बाहेर आली. तिला मी सांगितलं होतं ते एवढंच की मावशी भूकंपात गेली आणि आजोबांनी माती लादली होती. भिंतीला पाठ लावून मी कधी बसत नाही, हे तिनं लहानपणापासून बघितलंय. भिंतीचं काय ते तिला माहीत नव्हतं.

खांब यायच्या आदल्या दिवशी एका गावातून जाताना एक म्हातारा छपरावर बसला होता. सत्तरी ओलांडलेला असेल, डोक्यावर टोपी. दगडी फरश्या एकेक उचलून बाजूला लावत होता आणि खालची जुनी माती, शेवाळ, पाला फावड्यानं खरवडून खाली टाकत होता. टाकलेला ढीग रस्त्यावर पडला होता. आम्हाला बघून तो थांबला आणि काहीतरी म्हणाला. लेक हसून बोलली त्याच्याशी.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, माफ करा, तुमच्या वाटेत कचरा केला. पण जुनं काढल्याशिवाय वर नवं घालायचं नसतं. त्याच्या वडलांनी शिकवलंय. नाहीतर म्हणे घर ओझ्यानं मरतं."

मी त्याला मराठीत म्हणाले, "तुला कुणी विचारलं होतं?" चांगली ओरडून म्हणाले. त्या म्हाताऱ्याला वाटलं मी आभार मानतेय. त्यानं टोपी काढली आणि मान झुकवली.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. गावाबाहेर एक पाण्याची टाकी होती, तिथं मी बसले. लेक विचारत राहिली काय झालं, काय झालं. मी तिला सांगितलं नाही. इथं सांगते.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमची एक तुळई करकरायला लागली होती. आईनं तगादा लावला. अण्णा म्हणाले, यंदा सगळी जुनी माती खरवडू, ओझं लई झालंय. त्यांना मोंढ्यात धान्य विकायला जायचं होतं, आई शेतात. मला सांगून गेले, "दोघी मिळून खरवडा. लाकडापस्तोर. आज अर्धं झालं तरी चालंल. नवी मी आल्यावर टाकतो." आम्ही वर चढलो. मे महिन्यातलं लातूरकडचं ऊन. जुनी माती ठोकून ठोकून सिमेंटसारखी झालेली. तासाभरात माझ्या हाताला फोड आले. मी खुरपं फेकलं आणि खाली ठेवलेली नवी माती वर आणून तशीच पसरायला लागले. वरून बघितलं तर कुणाला काय कळणार?

धाकटी म्हणाली, "अण्णांनी खरवडायला सांगितलंय."

"कोण बघायला येतंय?"

"मी सांगीन."

ती सांगणारीच होती, तिच्या पोटात काही राहायचं नाही. म्हणून मी तिला लाच दिली. आमच्या घरात निजायची एक जागा होती, भिंतीकडेची. दगडामुळे उन्हाळाभर गार राहायची. ती माझी होती, थोरली म्हणून. तिच्यासाठी रोज भांडण व्हायचं. मी म्हणाले, "भिंतीकडची जागा तुला."

"कायमची?"

"कायमची."

ती खूश झाली आणि माती पसरायला लागली. संध्याकाळी अण्णा आले तेव्हा मी सांगितलं, खरवडली, नवी पण टाकली. त्यांनी वर चढून बघितलं नाही. शाबास म्हणाले.

चार महिन्यांनी भूकंप झाला. ती भिंतीकडे होती, मी तिच्या अलीकडे. आणि नंतर चारचौघांत मी बापाकडे बोट दाखवलं. चोराच्या उलट्या बोंबा, तसं. आधी एकदा दाखवलं, मग खाली घेता येईना. वर्षं गेली तसं मला स्वतःलाही वाटायला लागलं की त्यांनीच लादली. राग खरा होता ना, म्हणून गोष्टही खरी वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खांबापाशी पोचलो. मी काहीतरी मोठं मनात धरलं होतं. एक उंच खांब, वर छोटा लोखंडी क्रूस, आणि खाली दगडांचा टेकडीएवढा ढीग. दगडांवर नावं लिहिलेली, फोटो चिकटवलेले, कुणाचा बूट, कुणाची चिठ्ठी. फोटोसाठी रांग लागली होती. मी दगड फडक्यातून काढला आणि ढिगावर चढले. पाय सरकत होता. ढिगारा मला ठाऊक आहे, पण तो उपसायचा, खालचं माणूस हुडकायचा. ओझं टाकायला ढिगाऱ्यावर चढायचं, हे मला जमेना.

शेजारी एक परदेशी बाई उभी होती, माझ्याच वयाची. माझ्या तोंडाकडे बघून ती इंग्रजीत म्हणाली, ठेवून द्या, सोडून द्या, हलकं वाटेल. उचलली जीभ लावली टाळ्याला. हिला काय ठाऊक माझ्या हातात काय आहे? ज्याचं जळतं त्याला कळतं. मी तिला इंग्रजीतच म्हणाले, "हा माझा नाही." आणि बोलल्यावर मला कळलं की हे खरंच आहे. दगड अण्णांचा होता. बत्तीस वर्षं त्यांनी सांभाळला, कारण त्यांना वाटत होतं तो त्यांच्या चुकीचा आहे. आणि मी तो त्यांच्या नावानं इथं टाकून मोकळी होणार होते, एवढं करूनही. एवढा निर्लज्जपणा मला माझ्याकडूनसुद्धा नको होता.

मी उतरले. लेक खाली फोन धरून उभी होती, आजोबांना दाखवायला व्हिडिओ काढत.

"ठेवला नाहीस?"

"नाही."

"आई, त्यांनी एवढंच मागितलं होतं. त्यांना काय सांगू मी?"

"तू काही सांगू नको. मी सांगते."

ती चिडली. बरोबर होतं तिचं. उरलेले दिवस आम्ही कामापुरतं बोलत चाललो. उतार, जंगल, आणखी गावं, आणखी दगड. शेवटी त्या मोठ्या चर्चपाशी पोचलो तेव्हा सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. मी एका पायरीवर बसून पायाला मलम लावत होते.

परत आल्यावर मी नांदेडला घरी गेले नाही, हैदराबादहून सरळ लातूरची बस पकडली. अण्णा शेडमध्ये खाटेवर बसून शेंगा फोडत होते. मी पिशवी उघडली आणि दगड त्यांच्यापुढे ठेवला.

"आणलास परत?"

"हो."

"ठेवू देईनात का?"

"अण्णा, त्या वर्षी माळवद खरवडलं नव्हतं. मी खोटं सांगितलं तुम्हाला. नुसती वरून माती टाकली. आणि ती सांगेल म्हणून तिला भिंतीकडची जागा दिली."

त्यांनी हातातली शेंग फोडली. दाणे ताटलीत टाकले.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"समदं. तिनं त्याच सांजच्याला सांगितलं की. तिच्या पोटात कुठं ऱ्हायचं काही. वर म्हणली, ताईला बोलू नका, न्हाईतर ती जागा परत घेईल."

त्यांनी दुसरी शेंग उचलली. ते पुढे म्हणाले, "मी म्हणलं, असू दे. पुढल्या साली खरवडू. मोंढ्यातून दमून आल्तो. पाऊस तोंडावर आला व्हता. मलाच जीवावर आलं बघ."

आणि मग मला असा राग आला की तसा त्या बत्तीस वर्षांत आला नव्हता. मी ओरडले. शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "मी चारचौघांत तुम्हाला बोलले. आईसमोर बोलले. जावयासमोर बोलले. दर दिवाळीला बोलले. तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि तुम्ही एकदा, एकदा तरी म्हणायचं होतं की तूच केलंस म्हणून. का नाही म्हणालात?"

अण्णांनी वर बघितलं. "तुला राग काढायला कुणीतरी पायजे व्हतं," ते म्हणाले. "मी न्हाई म्हणलो असतो, तर तूच उरत व्हतीस. चौदा वर्षांची पोर. कशी जगली असतीस?"

माझा राग गेला असं कुणी समजू नये. त्यांच्यावरचा आहे, माझ्यावरचा आहे, त्या मातीवरचा आहे, आणि आता तो कुणावर काढायचा हेही कळत नाही. दुपार होत आली होती. पत्रा तापला होता आणि शेडच्या कडेनं ऊन माझ्या पायांवर येत होतं. अण्णांनी दगड उचलून खाटेखाली ठेवला, ताटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "उन्हात बसलीस. भिंतीकडं सरक."

मी सरकले.